रिकामा तांब्या आणि रुसलेली प्रतिभा

मित्रांनो, माझ्यासारखं भांडं तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिलं असेल. मी फिरकीचा तांब्या. पितळेचा, पोटाने गोल, मानेवर आटे पाडलेले आणि वर फिरवून घट्ट बसवायचं झाकण. झाकणाला धरायला कडी. आडवा करा, उलटा करा, थेंब सांडत नाही. आता वय झालं आहे आणि जरा चिडका झालो आहे, ते मात्र समजून घ्या.

माझा जन्म नाशिकचा. जुन्या गावातल्या तांबट आळीत ठोकून ठोकून मला आकार दिला गेला. बागलाणातल्या नामपूरहून आलेल्या कोंडाजी नावाच्या शेतकऱ्याने मला उचललं, कानाजवळ नेऊन टिचकी मारली, आणि आवाज आवडला म्हणून घरी नेलं. मग काय दिवस होते! लग्नाच्या वऱ्हाडात मी, बैलगाडीत मी, सप्तशृंगीच्या पायऱ्यांवर मी. "झाकण बघा कसं बसतं," असं म्हणत कोंडाजी मला पाहुण्यांपुढे उलटा धरायचे आणि पाहुणे दचकून पाय मागे घ्यायचे. मला तेव्हा फार अभिमान वाटे.

पुढे प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. हलक्या, रंगीत, आणि महिन्याभरात कुबट वास मारणाऱ्या. मला फडताळात बसवलं. कोंडाजी गेले. त्यांचा मुलगा गंगाधर कर्ता झाला. तो नामपूरच्या कांदा मार्केटात लिलावाची बोली पुकारतो. त्याचा आवाज तुम्ही ऐकायला हवा. ढिगाच्या या टोकाला उभा राहून बोलला तर फाटकाबाहेरच्या ट्रॅक्टरवाल्यालाही ऐकू जातं. अडचण एवढीच, की तो घरीही त्याच आवाजात बोलतो.

गंगाधरची थोरली मुलगी प्रतिभा. यंदा दहावी झाली. बिघडलेला पंखा, बंद पडलेला रेडिओ, शेजाऱ्यांची मोटर, जे हाताला लागेल ते उघडून बसायची तिला सवय. तिला नाशिकच्या मुलींच्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलला प्रवेश मिळत होता. वसतिगृहात राहावं लागणार होतं. गंगाधर म्हणाला, "नाही." ती रडली. तो पुन्हा म्हणाला, "नाही. सटाण्याला शिक, घरून जाऊन येऊन." मग तिने जेवण टाकलं. तेव्हा बायकोच्या, मंजुषाच्या, सांगण्यावरून त्याने तोडगा काढला. "तुले नाशिकच पाहायचं शे ना? चल, मी दाखवतो. सगळं दाखवतो."

आता तुम्हीच सांगा मित्रांनो, हा काय तोडगा झाला? भुकेल्याला पंगतीचा फोटो दाखवायचा! पण मला कोण विचारतो. उलट फडताळातून मलाच बाहेर काढलं, राखेने घासलं, आणि एका कापडी पिशवीत घातलं. मंजुषा घरीच राहिली, कारण म्हैस व्यायला झाली होती.

"आप्पा, बाटली घ्या ना," प्रतिभा एसटीत चढताना म्हणाली. "हा तांब्या घेऊन देवाला निघाल्यासारखं दिसतं."

"देवालाच तर निघालो आहे आपण!" गंगाधर म्हणाला. सगळ्या गाडीने मागे वळून पाहिलं.

सटाणा गेलं, देवळा गेलं, चांदवड गेलं. प्रतिभा खिडकीतून बाहेर बघत होती. गंगाधर प्रत्येक डोंगर बोटाने दाखवत होता. ती "हं" म्हणत होती. त्या "हं"चे किती प्रकार असतात ते मला त्या दिवशी कळलं. चांदवडच्या पुढचा "हं" तर असा होता, की माझ्यातलं पाणीसुद्धा कडू झालं असेल.

नाशकात उतरल्यावर आधी मिसळ. गंगाधर हॉटेलात बसल्या जागेवरून ओरडला, "ओ भाऊ, रस्सा आणा! पोरीले तिखट नको!" प्रतिभाने मान इतकी खाली घातली की तिच्या केसांची टोकं ताटलीला टेकली. "आप्पा, हळू बोला ना."

"मी हळूच बोललो!"

मग पांडवलेणी. ऊन चढलेलं. गंगाधर घामाघूम, तरी दर वळणावर थांबून, "इथं उभी राहा. हस. हस ना!" फोन घरात एकच, तो प्रतिभाच्या हातात. म्हणजे तिनेच हात लांब करून दोघांचा फोटो काढायचा, आणि त्यात तिनेच हसायचं. तिने एकदाही हसून दाखवलं नाही. गंगाधर मात्र प्रत्येक फोटोत दात दाखवत होता. माझी पिशवी तिच्या खांद्यावरून त्याच्या खांद्यावर, त्याच्या खांद्यावरून तिच्या. "तू धर." "तुम्हीच आणलाय, तुम्हीच धरा." अरे, मी काय गाठोडं आहे? मी पाणी देतो तुम्हाला! पण भांडणाऱ्या माणसांना तहान लागलेलीही कळत नाही, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे.

मग पंचवटी. सीता गुंफेत वाकून, अंग चोरून उतरावं लागतं. मागून गर्दी रेटत होती. गंगाधरने पिशवी पोटाशी धरायची सोडून पाठीवर टाकली आणि मी दगडावर असा आपटलो की पोटाला पोचा आला. तो आजही आहे. "काय वाजलं?" त्याने विचारलं. "तुमचा तांब्या," प्रतिभा म्हणाली. 'तुमचा' या शब्दावर तिने जो जोर दिला, तो मला पोच्यापेक्षा जास्त लागला.

रामकुंडावर आलो तेव्हा दोघेही थकले होते. गंगाधर पायरीवर बसला, पाण्यात पाय सोडले आणि म्हणाला, "पाहिलं ना नाशिक? झालं ना समाधान? आता आनंदाने घरी चल."

 प्रतिभाच्या नाकपुड्या थरथरत होत्या.

"तांब्यात पाणी नाही राह्यनं," तो म्हणाला. "तिकडे पिण्याचा नळ शे. भरून आण."

तिने मला उचललं. नळापाशी रांग होती. ती रांगेत उभी राहिली. पुढच्या बाईने हंडा लावला, तो भरायला वेळ लागत होता. प्रतिभाने एकदा वळून बापाकडे पाहिलं. तो पाण्यात पाय हलवत, डोळे मिटून बसला होता. आणि ती रांगेतून बाहेर पडली.

आधी मला वाटलं, दुसरा नळ शोधते आहे. पण ती पूल ओलांडून रस्त्यावर आली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षांना हात करू लागली. मी पिशवीत रिकामा खडखडत होतो. अगं, तुझा बाप तिकडे तहानलेला बसला आहे! त्याच्याजवळ फोन नाही! पण तांब्याला तोंड असलं तरी बोलता कुठे येतं?

रिक्षातून उतरून, दोन ठिकाणी विचारत, ती एका गल्लीत आली. जुनी दुमजली इमारत, दारात बकुळीचं झाड, आणि वर पाटी. मुलींचं वसतिगृह. शेजारीच तंत्रनिकेतन. ती आत गेली नाही. समोरच्या फुटपाथवर उभी राहून नुसती बघत राहिली. वरच्या खिडकीत कुणाची तरी ओढणी वाळत होती. तंत्रनिकेतनाच्या तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीत टेबलावर मोटरी उघडून ठेवल्या होत्या आणि सुट्टीतही दोन मुली त्यांच्यावर वाकून काहीतरी करत होत्या. सकाळपासून एवढं नाशिक पाहिलं, पण प्रतिभाने काही बघितलं असेल तर ते तेव्हा.

फोन वाजला. अनोळखी नंबर. तिने वाजू दिला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा तिने उचलला.

"प्रतिभा?"

मित्रांनो, तो आवाज मी ओळखला नाही. बारीक, फाटलेला, जणू कुणी आजारी म्हातारा बोलत होता. "बेटा, तू कोठे शे?" मागून एक बाई सांगत होती, "सापडली का हो? सापडली का?" ती घाटावर फुलं विकणारी गोजराबाई होती, हे नंतर कळलं. तिच्याच फोनवरून गंगाधर आपल्याच नंबरवर फोन करत होता. अख्खं मार्केट हलवणारा माणूस, पण पोर दिसेना झाल्यावर त्याला घाटावर तिच्या नावाने एक हाक मारता आली नव्हती.

प्रतिभाचा चेहरा उतरला. "आप्पा... मी मुलींच्या वसतिगृहासमोर शे. लगेच निघून येस."

"नको. तठेच थांब. हालू नको. मीच तुले घ्यायला येस."

तो रिक्षातून उतरला तेव्हा त्याची पँट कमरेपर्यंत ओली होती. म्हणजे तो पाण्यात उतरून शोधत होता. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग वसतिगृहाच्या पाटीकडे, मग पिशवीत हात घालून मला बाहेर काढलं. हलवून पाहिलं.

"पाणी आणायला पाठवलं होतं ना तुले?"

"विसरले."

"विसरली!" आता आवाज परत आला. गल्लीतली कुत्री उठून बसली. "मले काय वाटलं असेल? पाण्याजवळ बसलो होतो मी! काय काय आलं मनात!"

"मला नाशिक बघायचंच नव्हतं आप्पा!" तीही ओरडली. आवाज बापाचाच. "मला इथं शिकायचं होतं. तुम्ही नाही म्हणालात, आणि वरून देवळं दाखवता, आणि म्हणता हस! मला सकाळपासून एकदा तरी विचारलं का, तुला काय बघायचंय?"

तो काही बोलणार इतक्यात फाटक उघडलं. चष्मा लावलेल्या, साडीचा पदर खोचलेल्या एक बाई बाहेर आल्या. त्या वसतिगृहाच्या रेक्टर, लतिका मॅडम.

"भांडायचं असेल तर आत येऊन भांडा," त्या म्हणाल्या. "मुलींचा अभ्यास चाललाय. आणि त्या तांब्यात पाणी भरून घ्या आधी, दोघांचे ओठ सुकलेत."

अखेर! दिवसभरात एक तरी शहाणं माणूस भेटलं.

आत गेल्यावर गंगाधरने प्रश्नांची सरबत्ती लावली. फाटक किती वाजता बंद होतं? आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेतं? गच्चीचं दार कुलूपबंद असतं का? पंखा चालतो का? तो चालवून बघितला. प्रतिभा भिंतीत शिरायला जागा शोधत होती. मॅडमनी शांतपणे सगळी उत्तरं दिली आणि मग विचारलं, "तिला भीती वाटते का इथं राहायची?"

गंगाधर बराच वेळ माझं झाकण फिरवत राहिला. लावायचा, काढायचा. "तिले नाही वाटत," तो म्हणाला. "मले वाटते."

मॅडम हसल्या नाहीत. "वाटणारच," एवढंच म्हणाल्या.

बाहेर हौदापाशी एक मुलगी कपडे धूत होती. पेठच्या डोंगराळ भागातली. गंगाधर तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. आणि चक्क हळू आवाजात विचारलं, "बेटा, घरची आठवण येते का गं?"

"येते ना, रोज येते," ती कपडे पिळत म्हणाली. "पन घरी गेलं का मंग इथली येते."

तो उठला. वाटेत काही बोलला नाही. एसटीत बसल्यावरही नाही. प्रतिभाही गप्प. मी दोघांच्या मध्ये, काठोकाठ भरलेला. त्या शांततेने मला जितका त्रास झाला तितका सकाळच्या भांडणानेही झाला नव्हता. बोला ना रे काहीतरी! चांदवडचा घाट चढताना गाडीला धक्का बसला, तेव्हा गंगाधर खिडकीकडे बघतच म्हणाला,

"त्या पंख्याचा आवाज येतो. तुले झोप नाही लागणार."

प्रतिभा वळली.

"म्हणजे गेल्यावर आधी तो दुरुस्त करून घे," तो म्हणाला. "येतं ना तुले?"

तिने माझं झाकण उघडलं, घटाघटा पाणी प्यायलं, आणि मग मला बापापुढे धरलं. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी कुणाला न भांडता पाणी दिलं.

ती आता त्याच वसतिगृहात राहते आणि मीही तिथेच असतो, खिडकीच्या कट्ट्यावर. बरं चाललं आहे असं मी म्हणणार होतो, पण परवाच गंगाधर तिला भेटायला आला. बाप उन्हातून येणार म्हणून प्रतिभाने काय केलं असेल? माझ्यात लिंबाचं सरबत करून ठेवलं! सकाळपासून! मित्रांनो, पितळेच्या भांड्याला आतून कल्हई नसेल तर आंबट पदार्थ त्यात कळकतो. हिरवट होतो, जिभेला ओढतो. माझी कल्हई केव्हाच उडाली आहे. ही पोर मोटरी उघडून परत जोडते, पण एवढी साधी गोष्ट तिला ठाऊक नाही!

गंगाधरने पहिला घोट घेतला. त्याला लगेच कळलं, कारण त्याचं बालपण पितळेच्या भांड्यांत गेलं आहे. मी वाट बघत होतो, आता ओरडेल. प्रतिभा त्याच्या तोंडाकडे बघत होती. "साखर बरोबर झाली का आप्पा?"

"बेस झाली," तो म्हणाला. मला तोंडाला लावून आणखी दोन घोट घेतले, हळूच झाकण बसवलं, आणि पिशवी उचलली. "चाल. आज कोठे जायचं ते तू सांग. आणि जाता जाता हा तांब्या कल्हईवाल्याकडे टाकू."

तेव्हा माझी कळकळीची विनंती आहे. कुणाला गाव दाखवायला न्याल, तर आधी विचारा त्याला काय बघायचं आहे. मोठ्यांनीही विचारा, लहानांनीही. आणि पितळेच्या तांब्यात लिंबू कधीही पिळू नका. दर वेळी ते मुकाट पिऊन टाकायला बाप जवळ असतोच असं नाही.