गिळलेला शब्द

नवरा रिमांतास वारल्यावर सहा आठवड्यांनी चौकशीचा अहवाल टपालाने आला. दाइवा शब्दकोश घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. बेटावर येऊन तिला तीन वर्षं झाली होती. नॉर्वेजियन वाचायला ती बऱ्यापैकी शिकली होती, घोडं अडायचं ते ऐकण्यात. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं : 'टाकीत उतरू नये अशी स्पष्ट सूचना मुकादमाने वायरलेसवरून दिली होती. मृताने होकार दिला, आणि तरीही तो उतरला.'

ती टाकी मत्स्यपालनाच्या तराफ्यावरची. पिंजऱ्यांत मेलेले मासे दळून आम्लात साठवायचे, ती. फेब्रुवारीतल्या त्या सकाळी तिचा पंप तुंबला. रिमांतास शिडीने खाली गेला आणि आतल्या वायूने दोन श्वासांत कोसळला.

दाइवाने लिथुआनियाला सासूला फोन केला. ते वाक्य वाचून दाखवलं. सासू म्हणाली, "लहानपणापासून तसाच गं तो. सांगितलेलं ऐकेल तर शपथ."

दाइवाला हे पटेना. तिचा नवरा सांगितलेलं ऐकणारा माणूस होता, जरा जास्तच. ती आठवड्यातून दोनदा भाषेच्या वर्गाला जायची. त्याला कामाच्या पाळ्यांमुळे कधी जमलं नाही. कामावर जे कानावर पडे त्यावरच त्याचं चालायचं. समजलं नाही की तो मान डोलवून "या, या" म्हणायचा, म्हणजे हो, हो. एकदा मुकादमाने त्याला रविवारी जेवायला बोलावलं, तर हा "या" म्हणून आला आणि रविवारी घरीच झोपून राहिला. दोघं पोट धरून हसली होती. "हो म्हणत राहा, गोड वाटतं त्यांना," असं दाइवाच म्हणाली होती.

वायरलेसवरचं बोलणं कंपनीच्या बोटीवर आपोआप नोंदलं जाई. तिने अर्ज करून ती नोंद मागवली. एकोणीस सेकंदांची होती. वारा, इंजिन, मुकादम तुर्गेइरचा घोगरा आवाज आणि रिमांतासचं "या, या". बाकी सगळा गलबला. दुभाष्याकडे द्यावी असं एकदा मनात आलं. पण अहवालही कुणा जाणत्या माणसानेच ऐकून लिहिला होता ना?

शेजारी बोर्गहिल्ड राहायची. वय अठ्ठ्याहत्तर. किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रात तिने तीस वर्षं वादळात सापडलेल्या बोटींचं बोलणं ऐकण्यात काढली होती. दाइवा तिच्याकडे गेली.

"मला ऐकायला शिकवाल?"

"वर्गाला जातेस ना तू?"

"वर्गातल्या बाईंचं सगळं कळतं. दुकानात मात्र काही कळत नाही."

"कसं कळणार! ती बाई पुस्तकातलं बोलते. इथे तसं कोण बोलतं? पाद्रीसुद्धा नाही." बोर्गहिल्डने कॉफी ओतली. "आणि तू माझ्या तोंडाकडे बघतेयस. बघू नकोस. वायरलेसला तोंड नसतं."

पुढे रोज तीन वाजता शिकवणी. बोर्गहिल्ड पाठ करून भांडी घासायची, नळ मुद्दाम मोठा सोडायची आणि बोलत राहायची : हवामान, कॉड, मेलेल्या नवऱ्याची खोड. दाइवाने ऐकलेलं वहीत लिहायचं. कळलं नाही तर अंदाजाने भरायचं नाही, जागा कोरी सोडायची. "जे ऐकलंच नाही ते ऐकलं म्हणणारा माणूस बोट बुडवतो," बोर्गहिल्ड म्हणायची.

पहिल्या महिन्यात वही जवळजवळ कोरीच. मे महिन्यात शब्द सुटे व्हायला लागले. जूनमध्ये एकदा दाइवा चिडली. "तुम्ही 'मी जाणार' म्हणालात, आणि गेला तर नाहीत!"

"मी 'जाणार नाही' म्हणाले."

"'नाही' कुठे म्हणालात? 'इक्के' ऐकूच आलं नाही मला."

"इक्के!" म्हातारी हसली. "ते शहरात. आम्ही 'इच' म्हणतो. तेही अर्धं गिळून. थंडीत तोंड कोण उघडणार?"

दाइवा हसली नाही. तिने वही मिटली आणि घरी गेली. कानाला हेडफोन लावून तिने ती नोंद पुन्हा ऐकली, मग पाचव्यांदा, मग विसाव्यांदा. वाऱ्याखालून तुर्गेइरचे शब्द एकेक करून वर आले : "मो इच गो ने." खाली जायचं नाही. 'इच' असा, की घशात काही अडकल्यासारखा. तो निसटला की उरतं "मो गो ने". खाली जायलाच हवं.

आणि त्यानंतर रिमांतास. नुसतं "या, या" नव्हतं ते. वाऱ्याचा झोत गेल्यावर पुढे आणखी काही होतं, अहवालात नसलेलं : "या, या. गो ने." हो, हो. खाली जातो.

त्यावर तुर्गेइर म्हणाला होता, "ठीक."

रिमांतास सांगितलेलं ऐकूनच उतरला होता.

दुसऱ्या दिवशी तिने तुर्गेइरला धक्क्यावर गाठलं. तो दोर गुंडाळत होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. अंत्यविधीला शवपेटी उचलायला तोच पुढे होता.

"तो म्हणाला, खाली जातो. तू म्हणालास, ठीक."

तुर्गेइरचे हात थांबले. "कुणी सांगितलं तुला?"

"मी ऐकलं."

"तुला कळतं?"

"आता कळतं."

तो धक्क्याच्या कठड्यावर बसला. "दुसऱ्या कानाला फोन होता माझ्या. त्याचं 'या' ऐकलं आणि ठीक म्हणालो. तो नेहमी 'या'च म्हणायचा गं. पुढचं ऐकलं की नाही... रोज विचारतो मी स्वतःला." त्याने तोंडावरून हात फिरवला. "कधी वाटतं, ऐकलं होतं."

"हे त्यांना सांग."

त्याने नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, ते दाइवाला कळलं नाही.

त्याने काही सांगितलं नाही. दाइवाने मग स्वतःच पत्र लिहिलं, नोंदीतल्या प्रत्येक शब्दापुढे सेकंद घालून. ऑक्टोबरात सुधारलेला अहवाल आला. 'तरीही तो उतरला' हे वाक्य गेलं होतं. त्या जागी 'सूचनेचा गैरसमज झाला, आणि मुकादमाने खातरजमा केली नाही' असं आलं होतं. तुर्गेइरचं मुकादमपद गेलं. महिन्याभरात तो बायकोला घेऊन बेट सोडून गेला.

दाइवाने सासूला वाचून दाखवलं. सासू रडली. मग म्हणाली, "म्हणजे भाषा आली असती तर वाचला असता."

"हो," दाइवा म्हणाली.

तुर्गेइर बेट सोडून गेला त्या आठवड्यात दाइवा शेजारी गेली तेव्हा बोर्गहिल्ड दारातच उभी होती. तुर्गेइर तिच्या बहिणीचा मुलगा, हे बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं. दाइवालाही. पण एवढ्या महिन्यांत तो विषय दोघींनीही काढला नव्हता.

"तू बरोबर ऐकलंस," म्हातारी म्हणाली. "मीही ऐकली ती नोंद. माझ्या केंद्रात असं 'ठीक' कुणी म्हटलं असतं तर मी त्याला हाकलला असता." तिने दार अर्धं लोटलं. "पण बहीण रोज फोन करते, रडते. तू आता येऊ नकोस."

दार लागलं. दाइवा पायऱ्या उतरली. फेरीबोटीच्या धक्क्याशी दोन बायका बोलत उभ्या होत्या. तिला पाहूनही त्यांनी आवाज खाली आणला नाही, हिला काय कळतंय म्हणून. त्या तुर्गेइरच्या रिकाम्या घराबद्दल बोलत होत्या, आणि मग तिच्याबद्दल. दाइवा त्यांच्या शेजारून हळू चालत गेली. तिच्या कानांतून एकही शब्द सुटला नाही.