कोरी काच

काचेच्या कडेला बोटाचा ठसा उमटला होता. त्याने ती पुसली, उजेडाकडे धरली, समोरच्या बाईंच्या नाकावर चढवलेल्या जड फ्रेममध्ये सरकवली—आधीचं चांगलं होतं की हे? बाईंनी अक्षरांच्या तक्त्याकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे, आणि म्हणाल्या, "हे. हे खूपच छान." त्याने मान हलवली. काच कोरी होती, नंबर नसलेली, खिडकीच्या तावदानासारखी. ज्या गिऱ्हाइकाच्या उत्तरांचा भरवसा वाटेना त्याला तो मध्येच अशी एक कोरी काच घालून बघायचा, ही त्याची धंद्यातली जुनी खोड. आणि निम्मे-शिम्मे लोक म्हणायचेच, हो हो, आता कसं लख्ख! चष्मा मात्र तो बरोबर द्यायचा. त्याबद्दल त्याला कोणी नावं ठेवली नव्हती.

आज हात चालत होते, डोकं नव्हतं. संध्याकाळपर्यंत डॉक्टरीणबाईंना कळवायचं होतं, ताईचं काय ते. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, दोघांच्या घरातलं दुसरं माणूस. त्याने पन्नाशी ओलांडली तरी तिच्या लेखी तो छोट्याच. फुप्फुसातला कॅन्सर हाडांत उतरला होता, केमो हरली होती, आणि आता उरलं होतं ते एक नवं औषध, सलाइनमधून द्यायचं. "शरीराचे पहारेकरी असतात ना, त्यांना हा चोर ओळखू येत नाही," डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "हे औषध त्यांना जागं करतं. पण जागे झालेले पहारेकरी कधीकधी घरच्यांवरच धावून जातात. आणि सगळ्यांना गुण येतो असंही नाही. काहींना फार चांगला येतो. तुमच्या ताई त्यांत असतील का, ते मला आज खात्रीने सांगता येणार नाही." इतकं सरळ बोलणाऱ्या माणसाचा राग येऊ नये... पण त्याला आला होता, दवाखान्याच्या जिन्यावरच आला होता, आणि त्या रागाच्या भरात तो कॅन्सरवर हमखास गुणाचे थेंब देणाऱ्या एका थेंबवाल्यांकडे जाऊन धडकला होता.

थेंबवाल्या गृहस्थांना सगळं खात्रीने सांगता येत होतं. भिंतभर बऱ्या झालेल्यांचे हसरे फोटो. "आणि बाकीच्यांचे?" त्याने विचारलं होतं. "बाकीचे मध्येच सोडतात," गृहस्थ गोड हसले होते. अट एकच, थेंब चालू असताना दुसरं कुठलंही औषध घ्यायचं नाही. त्याने तपकिरी बाटली खिशात घातली आणि घरी आणली. त्याला ठाऊक होतं, सगळं ठाऊक होतं, तरी आणली—आणि चार दिवसांत ताई खिडकीशी बसायला लागली, दोन घास जास्त जेवायला लागली, शेजारणीच्या चालण्याची नक्कल करायला लागली! मग एक दिवस म्हणाली, मला थेंबांनी बरं वाटतंय, छोट्या, ते सलाइन नको.

तेव्हा त्याने त्याला जे येत होतं ते केलं. बाटली मोरीत रिकामी केली आणि तिच्यात पाणी भरलं, रंग यावा म्हणून काळ्या चहाची धार सोडून. आज कसं वाटतंय, ताई? कालच्यापेक्षा बरं. आज? आणखी बरं. म्हणजे थेंबांत काही नव्हतं! पुरावा हातात आला, आणि त्या पुराव्याचं करायचं काय ते त्याला कळेना. सांगावं, तर तिचं ते बरं वाटणं आपल्याच हाताने हिसकावून घ्यायचं. न सांगावं, तर चोर आत मोकळाच. आणि सांगून तरी पुढे काय धरायचं डोळ्यांपुढे—ती सलाइन म्हणजे काही लख्ख दिसणारी काच नव्हे...

बाई पैसे देऊन गेल्या. पुढचं गिऱ्हाईक बाकावर येऊन बसलं होतं. त्याने त्याला उद्या यायला सांगितलं, शटर अर्धं ओढलं, पुन्हा वर केलं, काउंटर उगाच पुसला, मग एकदाचं शटर ओढून घराकडे निघाला. वाटेभर वाक्यं जुळवत होता. प्रत्येक वाक्याची सुरुवात जमत होती.

ताई खिडकीशी होती. बाटली शेजारी, स्टुलावर.

"आज लवकर?"

"ताई, ते थेंब—"

"चहा आहे तो," ताई म्हणाली. "गार आणि कडवट. तुला जन्मात चहा जमला नाही."

तो दारातच उभा राहिला. चपला काढायच्या राहिल्या होत्या.

"कधी कळलं?"

"पहिल्या थेंबाला."

"मग रोज बरं वाटतंय म्हणत होतीस ते?"

"अरे, तू असा दारात उभा राहून बघायचास. गिऱ्हाइकाकडे बघतोस ना, तसा. काय सांगणार मी तुला?"

त्याला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. एकच आशा उरली होती, ती त्याने पुढे केली. "आणि त्याच्या आधी? खरे थेंब होते, तेव्हा?"

ताईने जरा विचार केला. खोटं सांगायचं की नाही याचा असावा.

"तेही तूच आणले होतेस," ती म्हणाली.

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. इतके दिवस तो एकामागून एक काचा घालत होता आणि ती त्याच्या तोंडाकडे बघून उत्तरं देत होती. तक्ता कोणीच वाचत नव्हतं. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या मागून भीती आली. ताई मरेल, ही साधी, सरळ भीती. त्या भीतीला वाट मिळू नये म्हणूनच तर बाटल्यांची एवढी लगबग चालली होती.

"आता तू सांग," ताई म्हणाली. "त्या सलाइनने काय होईल?"

"डॉक्टर म्हणतात—"

"डॉक्टर नको. तू."

"मला दिसत नाही, ताई." आवाज फाटला. "मला काहीच दिसत नाही."

तिने मान हलवली, अगदी तो गिऱ्हाइकापुढे हलवतो तशी. खिशातला फोन त्याच्या मांडीला लागत होता. दवाखाना अजून उघडा असणार. त्याने तो बाहेर काढला नाही. बरं वाटतंय का, हे त्याच्या जिभेवर आलं, ते त्याने गिळलं आणि विचारलं, "कुठे दुखतंय?"

ताईने स्टुलावरची बाटली उचलून खिडकीच्या कठड्यावर ठेवली.

"चपला काढ आणि बस इथे," ती म्हणाली. "सांगायला वेळ लागेल."