पूजा झालेली गाडी

“अहो, हे पुसलं जात नाहीये,” जयवंती म्हणाली.

आत्माराम किणी ट्रकसमोर उकिडवा बसून नारळाची शकलं गोळा करत होता. नारळ त्यानं दगडावर असा काही आपटला होता, की पाणी थेट बॉनेटवर उडालं आणि जयवंतीनं काढलेलं ओल्या कुंकवाचं स्वस्तिक ओघळलं. ते पुसून नव्यानं काढायचं म्हणून ती मघापासून पदराचं टोक घासत होती.

“काय पुसलं जात नाही? जोर लाव की जरा.”

“लावला. तुम्ही येऊन बघा तरी.”

आत्माराम उठला. स्वस्तिक गेलं होतं, पण त्या जागी लाल ठिपके राहिले होते. लहान पोराच्या पाठीवर गोवर उठावा तसे, बारीक आणि दाट. त्यानं तळवा फिरवला, तर रंगात खळगे लागले. कुंकू त्या खळग्यांत जाऊन बसलं होतं.

नव्याकोऱ्या गाडीच्या रंगाला भोकं? त्यानं दार उघडलं, कडेचं रबर नखानं उचकटलं. रबराखालचा रंग निराळा होता, वरचा निराळा, आणि खुद्द रबरावरही रंगाचे शिंतोडे उडालेले. मग त्यानं बोटाच्या पेरानं बॉनेट वाजवत नेलं. उजवीकडे खणखणीत पत्रा वाजला, डावीकडे मातीच्या भिंतीवर मारावं तसा ठप्प आवाज आला. तिथं लांबी, पोचे बुजवायचा लेप, भरलेली होती. गाडी कुठंतरी आपटली होती. ठोकठाक करून, लांबी थापून, वर रंग फासून या भामट्यांनी ती नवी म्हणून उभी केली होती.

“हलकट!” आत्माराम म्हणाला.

जयवंतीनं गाडीकडे पाहिलंच नाही. तिनं आधी त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

तिचंही काय चुकलं म्हणा! त्या हाताची ख्याती उमेळ्यात, अख्ख्या गावात होती. केळीचे घड वजनात मारणाऱ्या व्यापाऱ्याचे त्यानं दोन दात पाडले होते. मजुरीच्या बाईला आईवरून शिवी देणाऱ्या मुकादमाला रेतीच्या ढिगात तोंडानं पुरला होता. गाडीला कट मारून वर डोळे दाखवणाऱ्याला त्याच्याच खिडकीतून बाहेर ओढला होता. गंमत अशी, गंमत कसली डोंबलाची, की दर वेळी खरं आत्मारामच्याच बाजूला असायचं. व्यापारी खरोखर चोर असायचा, मुकादम खरोखर नालायक असायचा. पण आत्मारामचा हात आधी सुटायचा, आणि एकदा रक्त दिसलं की खरं काय हे विचारतो कोण? नोकरी जायची, चौकीवर बसावं लागायचं, आणि ज्याचे दात पडले तोच गावभर बिचारा ठरायचा.

शेवटचं प्रकरण वीटभट्टीवरचं. भट्टीच्या सुपरवायझरचा जबडा मोडला आणि आत्माराम कोठडीत गेला. भुईगावचा बेसिल, ज्याचा भाजीचा ट्रक तो पूर्वी चालवायचा, तो जामीन राहिला म्हणून सुटला. सुटला तसा जयवंतीनं त्याला घरी नेलंच नाही. थेट विरारला जीवदानीच्या पायऱ्या चढायला लावल्या आणि देवीसमोर उभं करून म्हणाली, “पुन्हा कुणावर हात टाकलात तर माझं मेलेलं तोंड बघाल. घ्या शपथ.”

त्यानं घेतली. आणि पाळली. लोक म्हणायचे, आत्माराम थंड झाला. तो थंडबिंड काही झाला नव्हता. डोकं फिरलं की तो उठून विहिरीवर जायचा आणि बादल्याच्या बादल्या पाणी डोक्यावर ओतून घ्यायचा.

आज सकाळी निघताना जयवंतीनं शपथेची आठवण करून दिली होती, आणि त्यालाही कारण होतं. त्यांचा मुलगा प्रीतम रेल्वेच्या परीक्षेत पास झाला होता. आता पोलिसांची चौकशी तेवढी राहिली होती. पोरगा इतका मऊ, की शाळेत मार खाऊन आला तरी पडलो म्हणून सांगायचा. लहानपणी बाप बाहेर कुणावर तरी ओरडायला लागला, की हा खाटेखाली जाऊन बसायचा. “घरात आता केस नको,” जयवंती म्हणाली होती. “त्याचं नाव लागेपर्यंत तरी तोंड शिवून राहा.”

“आज माझी गाडी यायचीय,” आत्माराम हसत म्हणाला होता. “आज कशाला भांडेन मी?”

जन्मभर त्यानं दुसऱ्याचं स्टिअरिंग फिरवलं होतं. वाडीचा शेवटचा तुकडा, चाफ्याच्या झाडांसकट, बिल्डरला देऊन झाला, तेव्हा सगळे म्हणाले, फ्लॅट घे. तो म्हणाला, ट्रक घेणार. कुणी वर चढून ‘चल रे’ म्हणणार नाही असा, स्वतःचा ट्रक. म्हणून तर बायको-पोराला घेऊन हायवेवरच्या या ट्रकविक्रीच्या यार्डात आल्या आल्या, कागदावर सही करायच्या आधीच, त्यानं पूजा उरकून घेतली होती. लक्ष्मीला हात लावायचा तर पूजा करून, ही घरची रीत. हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, गाडीबरोबर आलेला जॅक आणि चाकं खोलायची टॉमीसुद्धा खाली मांडून त्यांना कुंकू लावलं. आणि नारळ फोडला.

यार्डाचा सुपरवायझर संग्राम कागद घेऊन आला. मनवेलपाड्याचा पोरगा, तिशीच्या आतला, गळ्यात चेन, खिशाला दोन पेनं.

“काय काका, झाली पूजा? चला, सही करा, चावी घ्या. पेढे कुठायत?”

“ही गाडी आपटलेली आहे,” आत्माराम म्हणाला.

“काय?”

“रंग बघ. रबराखाली बघ. इथं वाजवून बघ, लांबी भरलीय. मला दुसरी दे.”

संग्रामनं पाहिलं नाही. त्याला बघायची गरजच नव्हती. “अरे काका, येताना थोडंफार घासतं. टचअप मारलाय. इंजिन नवीन आहे ना? रंग काय, पावसाळ्यात कुणाचा राहतो?”

“मी सही केलेली नाही. दुसरी दे.”

“दुसरी नाय मिळणार.” संग्रामनं खाली पडलेल्या करवंटीला बुटानं ढकललं. “नारळ फोडला ना तुम्ही? हार घातला, लिंबू ठेवलं. आता ही तुमच्या नावाची पूजा झालेली गाडी दुसरा कोण घेईल, सांगा मला! गिऱ्हाईक पहिलं विचारतं, कुणी सोडलेली आहे का? नारळ फुटला म्हणजे गाडी तुमची. तुमच्यातच असतं ना असं?”

साला बोलत होता त्यात खोट नव्हती! दुसऱ्यानं पूजा करून सोडलेली गाडी त्यानं स्वतःनं तरी घेतली असती का? हार घालायची घाई त्याचीच. त्या हाराखालीच तर डावी बाजू झाकली गेली होती. त्याच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. जयवंतीनं ते पाहिलं.

“तुम्ही बोलू नका,” ती घाईनं म्हणाली. “मी शेठना बोलावते. शेठशी मी बोलते. प्रीतम, बाबांजवळ थांब.” आणि ती पलीकडच्या ऑफिसकडे जवळजवळ पळतच गेली.

दोन ट्रकांच्या मधल्या बोळात तिघंच राहिले.

“बायकोला काय पाठवता?” संग्राम म्हणाला. “शेठ काय सांगणार ते मला माहितीय. शेठनीच रंग मारायला लावलाय. ए काका, उगाच मचमच नको. सही कर.”

तो ‘करा’वरून ‘कर’वर आला होता. आत्मारामनं ते ऐकलं आणि गिळलं. “मी सही करणार नाही,” तो म्हणाला.

“गाडीवर कुंकू फासून खराब केलीस ती कोण भरून देणार? तुझा बाप?”

आत्माराम मागे सरकून ट्रकच्या मडगार्डाला टेकला.

संग्रामनं त्याची कॉलर धरली. “तू तो उमेळ्याचा आत्माराम ना? भट्टीवर जबडा तोडला होतास? ऐकलंय मी. मग तोड ना! हात लावून दाखव. आता म्हातारा झालास काय रे? हिजडा झालास?”

आणि त्यानं आत्मारामच्या मुस्काटात मारली.

आत्माराम हलला नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकले, ओठ फुटून तोंडात खारट चव आली. अंगातलं रक्त न् रक्त उजव्या खांद्याकडे धावलं. एक फटका. एकच, आणि हा पोरगा चाकाखाली लोळला असता. त्यानं दोन्ही हातांनी मागचा मडगार्ड धरला आणि बोटं पांढरी पडेपर्यंत आवळला. मनात नुसता एकच घोष चालू होता, जयवंती मरेल, जयवंती मरेल. दुसरी बसली. तिसरी बसली. तिसऱ्या वेळी त्याच्या नाकातून रक्त आलं, तरी मडगार्ड सुटला नाही. आयुष्यात पहिल्यांदा आत्माराम किणी मार खात उभा होता, आणि खरं सांगायचं तर त्याला मनातून थोडा अभिमानही वाटला. बघ जयवंती, त्याला म्हणावंसं वाटलं, बघ.

पण जयवंती बघत नव्हती. बघत होता प्रीतम.

प्रीतमनं बापाला मारताना लहानपणापासून पाहिलं होतं. मार खाताना कधीच पाहिलं नव्हतं. तो ओरडलासुद्धा नाही. त्यानं खाली मांडलेली टॉमी उचलली, ती हातभर लोखंडी कांब, आणि मागून संग्रामच्या डोक्यात घातली.

नारळासारखाच आवाज झाला. संग्रामचे गुडघे वाकले. तो पडतोय तोच प्रीतमनं दुसरा घाव खांद्यावर घातला, आणि तिसऱ्यासाठी हात उचलला. त्याचं तोंड आत्मारामनं पाहिलं. दात विचकलेले, डोळे गोठलेले. आत्मारामनं स्वतःचं तोंड मारताना कधी आरशात पाहिलं नव्हतं. ते आता त्याच्या समोर उभं होतं.

“सोड!” त्यानं झडप घालून टॉमी हिसकावली. “सोड, मेल्या! मागं हो. तू काही केलं नाहीस. ऐकलंस? तू इथं नव्हतासच.”

“बाबा, मी...”

“गप!”

बोळाच्या तोंडाशी वॉचमन आले, तेव्हा त्यांना दिसलं ते एवढंच. संग्राम रक्ताच्या थारोळ्यात, आणि रक्तानं माखलेला आत्माराम टॉमी घेऊन उभा. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. लाठ्यांनी, बुटांनी त्याला ट्रकच्या चाकाशी लोळवून तुडवला. एका लाठीनं त्याच्या बरगडीत कट् केलं. त्यानं टॉमी कधीच टाकून दिली होती. डोकं दोन्ही हातांत घालून तो पडून राहिला, आणि मधूनमधून ओरडत होता, “मीच मारलं! मीच मारलं!”

शेठला घेऊन जयवंती परतली, ती हे ओरडणं ऐकतच.

संग्रामला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तो कण्हत होता, म्हणजे जिवंत होता. मागून कुणी मारलं हे त्यानं पाहिलं नव्हतं, पण रिक्षात चढवतानाही तो “म्हातारा, म्हातारा” एवढंच बरळत होता.

चौकीवरच्या हवालदारानं मान वर केली आणि कपाळाला हात लावला. “आत्माराम? पुन्हा तू? अरे, मला वाटलं सुधारलास.”

“हो साहेब. मीच मारलं,” आत्माराम म्हणाला. बोलताना बरगडीत कळ येत होती.

“ते दिसतंय. कशावरून?”

आत्माराम उत्तर देणार, तेवढ्यात दारातून प्रीतम पुढे आला. “साहेब, बाबांनी नाही,” तो म्हणाला. “बाबांनी हात पण नाही उचलला. साहेब, मी...”

आत्माराम बाकावरून उठला आणि त्यानं पोराच्या थोबाडीत मारली. अशी मारली, की प्रीतम भिंतीवर जाऊन आपटला. आत्मारामनं पोराला उभ्या जन्मात बोटही लावलं नव्हतं.

“मधे बोलतोस? बापाला वाचवायला खोटं बोलतोस?” तो गरजला. “साहेब, याला बाहेर काढा आधी. हा लहानपणापासून बावळट आहे, भांडण बघितलं की याला काही सुधरत नाही.”

हवालदार धावला. शिपायानं आत्मारामला मागून धरलं. प्रीतम गाल धरून भिंतीशी बसला आणि हुंदके देत रडायला लागला, पुढे त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

“बघा,” हवालदार शिपायाला म्हणाला. “चौकीत उभा राहून स्वतःच्या पोराला मारतोय. आणि पोरगा म्हणतोय, यानं हात नाही उचलला.”

जयवंती इतका वेळ दाराशी उभी होती. ती पुढे आली. आत्मारामला वाटलं, ही आता माझ्या डोळ्यांत बघेल आणि तिला कळेल. इतक्या वर्षांत तिला त्याचं न सांगितलेलं कितीतरी कळलं होतं. तिनं पाहिलंही. पण तिच्या नजरेत कळणं नव्हतं. एक थकलेली, विझलेली चीड होती.

“देवीसमोर शपथ घेतली होतीत ना?” ती हळू आवाजात म्हणाली. “मी शेठला घेऊन येत होते. तो गाडी बदलून द्यायला तयार झाला होता. थोडा वेळ धीर धरवला नाही तुम्हाला?”

सांगावं का? चार शब्दांचं तर काम. नाही मारलं मी, जयू. हे चार शब्द तोंडात आले. भिंतीशी बसलेला प्रीतम त्याच्याकडेच बघत होता.

“नाही धरवला,” आत्माराम म्हणाला.

तिनं प्रीतमला दंडाला धरून उठवलं, गालावरची बोटं पाहिली, आणि त्याला घेऊन बाहेर गेली.

हवालदारानं कागद पुढे ओढला. “हां, बोल. कशावरून मारलंस?”

“गाडीचा रंग खराब होता.”

हवालदाराचं पेन थांबलं. “रंग? रंगासाठी माणसाचं डोकं फोडलंस?”

“हो.”

“धन्य आहेस बाबा,” हवालदार म्हणाला आणि लिहायला लागला.

खिडकीतून रस्ता दिसत होता. जयवंती प्रीतमला घेऊन पलीकडे जात होती. पोरगा दोनदा मागे वळला, दोन्ही वेळा तिनं त्याला पुढे ओढलं. ती स्वतः एकदाही वळली नाही. कोपऱ्यावर रिक्षा थांबली, दोघं आत बसली आणि रिक्षा उमेळ्याच्या दिशेनं निघून गेली.

“मोठ्यानं बोल रे,” हवालदार म्हणाला. “पहिला फटका कुठं मारलास?”

“डोक्यात,” आत्माराम म्हणाला. “मागून.”