एका शब्दाचं लाल बटण

मी एक लाल बटण बोलतोय. आवाज माझा नाही, शब्दही माझा नाही. दाबलं की बोलायचं, एवढंच माझं काम. बशीएवढा गोल आहे आणि पोटात एका वेळी एकच शब्द मावतो. माणसांकडे शब्द ढीगभर असतात, पण त्यातले कामाचे फार थोडे निघतात, असं माझं निरीक्षण आहे.

कारखान्यात असताना वाटायचं, आपली नेमणूक एखाद्या मोठ्या यंत्रावर होणार. झाली ती बालवर्गात. इथे कुणाला चालता येत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणाला बोलता येत नाही. त्यांना शाळेचं वय व्हायच्या आधीच शिकवायला घेतात. बाई म्हणतात, उशीर झाला की सगळ्यांनाच जड जातं.

मला पिटुकलीच्या हवाली केलं. वय चार. तोंडातून शब्द फुटत नव्हता आणि हात भलतीकडेच जायचे. तिची आई पहिल्याच दिवशी बाईंना म्हणाली, "गाणी नकोत, पाढे नकोत. तिला काय हवंय तेवढं मला कळू दे. अंदाजानेच वाढवतेय हो मी हिला."

बाईंनी माझ्यात 'आणखी' भरला. पिटुकलीला झोपाळ्यावर बसवायचं, झोका थांबवायचा आणि वाट बघायची. बरेच दिवस तिने माझ्या शेजारचं टेबलच बडवलं. मग एकदा नेम बसला. मी "आणखी" म्हणालो, झोका हलला. आईने माझा पापा घेतला. मी काही बोललो नाही. कुणी दाबलं नव्हतं.

मग मी घरी जाऊ लागलो आणि तिथेच घोळ झाला. जेवताना पिटुकलीचं पोट भरलं, तिने मान फिरवली. आईला वाटलं, मान आपोआप फिरली. चमचा परत पुढे आला. पिटुकलीने हाताशी होतं ते केलं, मला दाबलं. मी इमानेइतबारे "आणखी" म्हणालो. आईने आनंदाने आणखी भरवलं. तिने परत दाबलं, आईने परत भरवलं. शेवटी सगळं जेवण आईच्या अंगावर आलं आणि मी जमिनीवर. असं रोज होऊ लागलं. मला वाईट वाटत होतं, पण दुसरा शब्द आणू कुठून?

आई बाईंना म्हणाली, "हल्ली फार हट्टी झालीय. स्वतःच मागते आणि फेकून देते."

बाईंनी मला दोनदा दाबून पाहिलं. मग म्हणाल्या, "चूक आमची आहे. आम्ही तिला मागायला शिकवलं. थांबवायला काही दिलंच नाही."

'नको' भरायचं ठरलं, तोही आईच्या आवाजात. आई माझ्यापाशी वाकून म्हणाली, "नको गं."

"ताई, नकार जरा नकारासारखा द्या."

"सवय नाही हो. घरात कुणाला कधी म्हटलंच नाही."

"सासूबाई समोर आहेत असं समजा."

"नको!" आई म्हणाली. खिडकीची तावदानं हलली. बाईंनी लगेच तेच कायम केलं.

दुपारी आईने चमचा पुढे केला. पिटुकलीचा हात टेबलावर आपटत, घसरत माझ्यावर आला.

"नको!"

चमचा थांबला. पिटुकली चमच्याकडे बघत राहिली. तो पुढे येईना. तिने खात्री करायला परत दाबलं. तरी येईना. मग ती अशी हसली, की आईने तो घास स्वतःच खाल्ला आणि रडता रडता तिला ठसका लागला.

पिटुकली आता मोठ्या शाळेत आहे. तिच्याकडे पुष्कळ शब्दांची पाटी आहे. माझी आठवण येत असेल असं वाटत नाही. मी फळीवर आहे. उद्या नवा मुलगा येतोय. त्याचे बाबा आजच विचारून गेले, "पहिलाच शब्द 'नको'? निदान 'बाबा' तरी भरा."

बाबांनो, तुमची पाळी येईल. आधी 'नको' भरा. आणि तो ऐकू आला, की चमचा थांबवा. ते काम मला करता येत नाही.