रुखमाची चौकशी

अर्जात दोनच शब्दांखाली लाल रेघ होती: अनैतिक वर्तन. अंगणवाडीची मदतनीस रुखमा आत्राम लग्नाशिवाय जंगलूसोबत राहते, तिच्या हातची खिचडी आमच्या लेकरांना नको, असं बबनरावानं लिहून दिलं होतं. लोकांचं काय हो, उचलली जीभ, लावली टाळ्याला! त्यात हा बबनराव भाचीला तीच नोकरी मिळावी म्हणून दोन वर्षं टपून बसलेला.

चौकशीला हिंगणघाटहून बालविकास खात्याच्या समीक्षामॅडम आल्या. ग्रामपंचायतीत अर्धा गाव जमला. रुखमा पुढं येऊन बसली. नोकरी गेली तर पुन्हा दुसऱ्याच्या वावरात तण निंदायला जाणं आलं.

"तुमचं लग्न झालंय का?" मॅडमनी विचारलं.

झालं होतं की! जंगलूनं तिच्या बापाच्या वावरात सालभर राबून दाखवलं. मग जातीतल्या चार म्हाताऱ्यांनी तिच्या हातचं जेवून दोघांचं घर मांडून दिलं. लग्नाच्या मंडपाचं पुढं पाहू, म्हणाले. त्यांच्यात पोरं झाल्यावर मंडप घातलेली कितीतरी घरं होती. रुखमा हेच सांगणार, तेवढ्यात जंगलू उठला. बिचारा वाघाला भ्यायचा नाही, पण सरकारी कागद पाहिला की थरथरायचा.

"मॅडम, मी काई हिचा नवरा नाई! मजूर आहो मी, मजूर. हिची नोकरी नका घेऊ."

 रुखमाचा बाप बापूजी शेजारीच बसला होता, त्यानं मान खाली घातली.

"आता बोला!" बबनराव खुशीत म्हणाला.

"काय बोलू? लेकरांचं खाणं चोरलं तिनं? कुणाला मारलं? कामावर दांडी मारली?" मॅडम कडाडल्या. "नाही ना? मग घरात कोण राहतो, नवरा की मजूर, हे माझ्या नियमात येत नाही. अर्ज निकाली."

जंगलूचा चेहरा फुलला. तो लगबगीनं रुखमाजवळ आला.

"वाचली न वं नोकरी! चाल घरी."

"मॅडमनं मले इचारलं होतं, तुले नाई!" रुखमाचा आवाज फाटला. "सहा वर्स माह्या हातचं खाल्लं, अन् भरल्या पंचायतीत म्हणतं नवरा नाई? अनैतिक म्हणते ते हेच असन!"

"तुह्यासाठीच बोललो न वं मी..."

तिनं ऐकलं नाही. बापूजीचा हात धरून ती माहेरच्या वाटेला लागली, आणि जंगलू पंचायतीच्या दारात उभा राहून तिला हाका मारत राहिला.