अण्णांच्या नावाने चालणारं गोदाम

“आधी सर्व्हर चालू आहे का ते बघ.”

“चालू आहे, अण्णा.”

“वायर?”

“तीही ठीक आहे. नेटवर्कवाले येऊन बघून गेले. तरी पडद्यावर एकच रडगाणं, डेटाबेसशी जोडणी होऊ शकली नाही. सकाळपासून एक पावती निघाली नाही. खाली ट्रक उभे आहेत.”

अण्णांनी निवडायला घेतलेली भाजी बाजूला सारली आणि फोन कानाशी घट्ट धरला. औषधांच्या त्या गोदामातली नोकरी शुक्रवारी सुटली होती. सुटली म्हणजे सोडवली होती. संगणकांची देखभाल कंपनीने बाहेरच्या लोकांकडे दिली, आणि उमेदीच्या वर्षांपासून तिथे राबलेल्या अण्णांच्या हातात एक फुलांचा गुच्छ दिला. आज घरी बसण्याचा पहिला सोमवार.

“सर्व्हरच्या नोंदी उघड,” ते म्हणाले. “दार उघडत नसलं की कडीला शिव्या देऊ नयेत. बाहेर कोण उभं आहे ते आधी बघावं.”

फोनवरची बाई अण्णांच्याच हाताखाली तयार झाली होती. सगळं गोदाम तिला अण्णांची शिष्या म्हणायचं.

“नोंदी बघितल्या मी,” ती हळू आवाजात म्हणाली. “साहेब तुम्हाला बोलावताहेत. लगेच या म्हणाले.”

ती आणखी काही सांगू पाहत होती, पण अण्णांना तेवढं ऐकू येईल तर ना. त्यांच्या कानात एकच शब्द घुमत होता, बोलावताहेत.

“अहो, हाकलून दिलं ना त्यांनी?” बायको म्हणाली. “आणि तुम्ही निघालात इस्त्रीचा शर्ट घालून. लग्नाला निघालात की काय?”

“अगं, रुग्णालयांची औषधं अडलीत. माणसाने अशा वेळी मानापमान धरून बसू नये.”

“मान धरायला ठेवलाय कुठे त्यांनी,” ती पुटपुटली. पण रुमाल तिनेच हातात दिला.

माणसाचं मन मोठं भोळं असतं. लाथ मारणाऱ्याने हाक मारली, की लाथ विसरून हाकेचंच कौतुक करतं. वाटेत अण्णांनी मनातल्या मनात सगळं दुरुस्तही करून टाकलं. साहेब दारापर्यंत येतील, म्हणतील, तुमच्याशिवाय काही खरं नाही बुवा. आपण म्हणू, असू द्या हो. जाता जाता दाखल्याचाही विषय काढू. एका लहान रुग्णालयाने संगणकाच्या खोलीत काम देऊ केलं होतं. अट एकच, जुन्या ठिकाणच्या साहेबांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला हवा.

साहेब दारापर्यंत आले नाहीत. टेबलामागे बसले होते. शिष्या कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसली होती आणि मान वर करत नव्हती.

“या. हे काय आहे?” साहेबांनी एक कागद पुढे सरकवला.

सर्व्हरच्या नोंदींची प्रत होती. ओळीमागून ओळ तीच तक्रार, की अमुक खातं बंद आहे, प्रवेश नाकारला. आणि प्रत्येक ओळीत ते खातं अण्णांचं होतं. त्यांचं स्वतःचं नाव.

अण्णा समोरच्या खुर्चीत बसले. सगळं एका क्षणात उलगडलं. गोदामाचं सॉफ्टवेअर डेटाबेसच्या दाराशी जाताना कुणाच्या तरी नावाने जातं. ते नाव खरं म्हणजे माणसाचं असू नये, केवळ यंत्रासाठी काढलेलं खातं असावं. शुक्रवारी संध्याकाळी नियमाप्रमाणे अण्णांचं खातं बंद झालं. आज सकाळी अख्खं गोदाम अण्णांचं नाव सांगत दाराशी गेलं, आणि दाराने ओळख दाखवली नाही.

“साहेब, यंत्राच्या खात्याचा अर्ज तुमच्या सहीसाठीच पडून होता,” अण्णा सावकाश म्हणाले. “या सॉफ्टवेअरच्या उद्घाटनाला पाहुणे आले होते. तुम्हीच म्हणालात, आज तुमच्या नावाने चालू करा, नंतर बदलू.”

“लेखी आहे काही?”

“लेखी कुठलं, तोंडीच म्हणालात.”

“बरं, मी म्हणालो असेन. पण नंतर म्हणजे कधी? इतक्या वर्षांत तुम्हाला बदलता आलं नाही? ठाऊक तर होतं ना?”

ठाऊक होतं. सुरुवातीला त्यांनी साहेबांना आठवणही करून दिली होती. मग सोडून दिलं, आणि का सोडलं ते फक्त त्यांना आणि देवाला माहीत. रोज सकाळी ते नोंदी उघडत. कुठल्या गावाला ताप उतरायची गोळी गेली, कुठे सलाईन गेलं, प्रत्येक व्यवहारापुढे त्यांचं नाव असे. घरात मुलगा उलटून बोलायचा, बढती दुसऱ्याला मिळायची, पण इथे यंत्र न चुकता त्यांचं नाव घ्यायचं. करता करविता तो वरचा, हे अण्णांना तोंडपाठ होतं. तरी ते नाव वाचताना छातीत जरा ऊब यायची. तेवढ्या उबेसाठी त्यांनी ती चूक दिव्यासारखी जपली होती.

“ठाऊक होतं,” ते म्हणाले.

“मग मुख्यालयाने काढलेला अर्थ बरोबरच आहे. जाताना मुद्दाम पाचर मारून गेलात.”

“मुद्दाम नाही हो, साहेब. खाली ट्रकमध्ये औषधं आहेत. मी असं करेन?”

साहेब कोपऱ्याकडे वळले. “तू होतीस ना त्या दिवशी? मी असं काही बोललेलं तुला आठवतं?”

ती होती. अण्णांच्या शेजारच्याच खुर्चीत होती. साहेब बाहेर गेल्यावर तीच म्हणाली होती, अण्णा, नंतर म्हणजे आपल्या निवृत्तीनंतर. दोघं पोट धरून हसले होते.

तिने अण्णांकडे बघितलं. तिचं काम कंत्राटावर होतं, नूतनीकरण साहेबांच्या हातात. नवरा अंथरुणाला खिळलेला.

“मी तेव्हा नवीन होते, साहेब,” ती म्हणाली.

अण्णांनीच तिला सोडवलं. “बरोबर आहे. तिला कुठून आठवणार.”

साहेबांनी दुसरा कागद काढला. टंकलेला, तयार. परवानगीशिवाय आपलं खातं जोडलं, आणि ही गोष्ट जाणूनबुजून दडवली, असा कबुलीजबाब होता. “सही करा, म्हणजे पोलिसांत जायला नको. हवं तर ‘जाणूनबुजून’ खोडतो. आपण काही परके नाही.”

“आणि दाखला?”

“हा कागद माझ्याकडे असताना चांगल्या वर्तणुकीचा दाखला कोणत्या तोंडाने देऊ, तुम्हीच सांगा.”

खाली कुणी ड्रायव्हर कंटाळून हॉर्न दाबत होता.

“म्हणजे याच्यासाठी ट्रक अडवून ठेवलेत?” अण्णांनी विचारलं. “बिघाड तर हिने सकाळीच शोधला होता.”

“कोण जबाबदार ते आधी ठरायला नको?”

अण्णांनी सही केली. साहेबांनी एक शब्द खोडला, त्यावर फुंकर मारली आणि शिष्येला म्हणाले, “चल, कर सुरू.”

नवं खातं तिने काढूनच ठेवलं होतं. त्याचं नाव तिने भराभर सेटिंगमध्ये घातलं. पडद्यावर पावत्या आल्या, पण छापल्या जाईनात.

“छपाईच्या सर्व्हरवरही बदल,” अण्णा मागून हळूच म्हणाले. “तिथे वेगळं लिहावं लागतं.”

तिने बदललं. छपाईयंत्र खडबडून जागं झालं. मग साहेबांच्या सांगण्यावरून तिने जुनं खातं कायमचं पुसलं, आणि जुन्या नोंदी नीट दिसतात का हे बघायला मागची एक पावती उघडली. नावाच्या जागी लिहिलं होतं, अज्ञात वापरकर्ता. तिने दुसरी उघडली. मग गेल्या वर्षीची, त्याच्या आधीची. प्रत्येक गोळीपुढे, प्रत्येक सलाईनपुढे, वरपासून खालपर्यंत अज्ञात वापरकर्ता.

ती घाईघाईने पडद्यावरची खिडकी बंद करायला गेली.

“राहू दे,” अण्णा म्हणाले. “आकडे बरोबर दिसतात ना?”

“दिसतात.” तिने हात कीबोर्डवरून काढले. “अण्णा, मी...”

“मग झालं. संध्याकाळी सगळ्या डेटाची एक प्रत काढून ठेव. विसरू नकोस.”

साहेब फोनवर मुख्यालयाला, सगळं सुरळीत झालं, असं सांगत होते. खाली पहिल्या ट्रकचं इंजिन सुरू झालं, मग दुसऱ्याचं. सहीसाठी उठलेले अण्णा ते ऐकत टेबलाशी उभेच होते. बसा, असं कुणी म्हटलं नाही. जा, असंही कुणी म्हटलं नाही.