पाय उचलला तर

व्हर्लन स्टेमीला गाडीत बसवायला तीन माणसं लागली, आणि तिघांचीही तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झाली होती. शर्यतीच्या गाडीचं दार कायमचं बंद केलेलं असतं, आत शिरायचं ते खिडकीतून. तीन बरगड्या आणि एक खांदा मोडलेल्या माणसाने खिडकीतून कसं शिरायचं? त्याला पोत्यासारखा उचलून आत सोडला. व्हर्लन ओरडला नाही. त्याने फक्त डोळे मिटले, आणि बाहेर उभ्या असलेल्या नेल्डाला, त्याच्या बायकोला, ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"अजून वेळ आहे," ती खिडकीत वाकून म्हणाली. "उतर."

"पट्टा आवळ," व्हर्लन म्हणाला. "डावीकडचा नको. तिकडे जरा दया दाखव."

"तुझ्या बापानेही असंच मरण ओढवून घेतलं असतं, पण त्याला अक्कल होती. तो कोंबड्या पाळायचा."

"म्हणून तर मी घरातून पळालो," व्हर्लन म्हणाला आणि हसायला गेला, पण बरगड्यांनी त्याला हसू दिलं नाही.

मागच्या शनिवारी शेवटच्या वळणावर बक हनीकटने मागून धक्का दिला आणि व्हर्लनची गाडी भिंतीवर गेली. व्हर्लन म्हणायचा, "शर्यत आहे बाई, देवळातली प्रार्थना नाही." नेल्डाला ते पटत नव्हतं. तिच्या मते बकने मुद्दाम मारलं होतं. हंगामाच्या गुणांत बक पहिला, व्हर्लन त्याच्या नखाएवढा मागे, आणि आज पिजन फोर्डला शेवटची शर्यत. कारण आणखी कशाला शोधायचं? बकची बायको अर्लीन, जिच्या मांडीला मांडी लावून नेल्डाने कित्येक वर्षं फेऱ्या मोजल्या होत्या, तिच्याशीही तिने आठवडाभर बोलणं टाकलं होतं.

हा सगळा आटापिटा हंगामाच्या करंडकासाठी होता, आणि करंडकामागून येणाऱ्या पैशासाठी. व्हर्लनच्या आणि बकच्या दोन्ही गाड्यांवर ज्याच्या फर्निचरच्या कारखान्याचं नाव रंगवलेलं असे, त्या मालकाने या वर्षी स्पष्टच सांगितलं होतं: पुढच्या वर्षी एकाच गाडीला पैसे, आणि ती गाडी विजेत्याची. इस्पितळात येऊन त्याने व्हर्लनच्या उशाशी फुलं ठेवली आणि विचारलं, "रविवारी जमेल ना?" शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड! नेल्डाने ती फुलं त्याच्यादेखत केराच्या टोपलीत घातली.

पण व्हर्लन बावीस वर्षं या वर्तुळात फिरत होता आणि करंडक त्याला एकदाही मिळाला नव्हता. हे मालकाला माहीत नसलं तरी नेल्डाला माहीत होतं. म्हणून तर तिने पट्टा आवळला.

शिवाय नियम होता, जुना आणि सगळ्यांना पाठ. हिरव्या झेंड्याला शर्यत सुटताना गाडी ज्याच्या हातात, गुण त्याचे. नंतर अपघाताचा पिवळा झेंडा लागून सगळ्या गाड्या हळू झाल्या की त्याने उतरावं, बदली माणूस बसवावा. गाडी ज्या नंबरावर पोचेल, ते गुण पहिल्याच्या नावावर. व्हर्लनला फक्त पहिल्या पिवळ्या झेंड्यापर्यंत तग धरायचा होता.

बदली माणूस व्हर्जिनियाहून यायचा होता. त्याला दुसरीकडे जास्त पैसे मिळाले आणि तो आलाच नाही.

"तोंडाला पानं पुसली मेल्याने," हॉइट काका म्हणाला. हा व्हर्लनचा सख्खा काका, गाडीचा सर्वेसर्वा, आणि अपशकुनांना असा भिणारा की पिटमध्ये, गाड्या दुरुस्त करायच्या जागेत, कुणी टरफलासकट शेंगा खाताना दिसला तर त्याला कॉलर धरून बाहेर काढायचा. "पण घाबरू नकोस, पोरी. कुणाची ना कुणाची गाडी मरेलच."

तीही एक रीत होती. ज्याची गाडी लवकर मरते, त्याने कपडे बदलायचे नाहीत. हेल्मेट काखेत मारायचं, पिटच्या भिंतीजवळून चालत जायचं आणि ज्याला गरज आहे त्याच्या भिंतीवर जाऊन बसायचं. पैशाचं बोलायचं नाही. व्हर्लन स्वतः किती जणांच्या भिंतीवर असा बसला होता, त्याची गणती नव्हती.

हिरवा झेंडा पडला. नेल्डाने फेऱ्या मांडायची फळी हातात धरली आणि देवाला सांगितलं की कुणाचं तरी इंजिन मोडू दे, माणूस मात्र नको.

देवाने ऐकलं, पण काय त्याची थट्टा! दहाएक फेऱ्या झाल्या नाहीत तोच पुढे असलेल्या बकच्या गाडीतून पांढरा धूर निघाला आणि ती घरंगळत आत आली. प्रेक्षकांत आरोळी उठली. हॉइट काकाने बोटांवर हिशेब केला, पुन्हा केला.

"बक संपला," तो म्हणाला. "पोरी, आपली गाडी पाचवी आली तरी करंडक आपला!"

नेल्डाला हसावं की रडावं कळेना, कारण पिवळा झेंडा काही लागत नव्हता. व्हर्लन फेरीमागून फेरी घालत होता. प्रत्येक वळणावर त्याचं डोकं एका बाजूला लोंबकळत होतं. गाडी मध्येच रेषा सोडायची, पुन्हा धरायची. एकदा तो समोरून गेला तेव्हा त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा दिसला. 

आणि तेव्हाच भिंतीवर नेल्डाच्या शेजारी कुणीतरी येऊन बसलं. धिप्पाड, घामाने निथळणारा, काखेत हेल्मेट.

बक हनीकट!

"ऊठ," नेल्डा म्हणाली. "ऊठ आधी माझ्या भिंतीवरून."

"मिस नेल्डा, तुला दुसरा कुणी दिसतोय का?"

दिसत नव्हता. गाडी मेलेला तो एकटाच होता.

"तू त्याला भिंतीत घातलास, आणि आता त्याचीच गाडी मागायला आलास? लाज विकून खाल्लीस?"

"मी आत घुसलो, जागा नव्हती. चुकलं माझं," बक म्हणाला. "भांडायचं तर नंतर भांड. त्याची आता शुद्ध हरपेल."

"ही गाडी सहावी आली तर करंडक तुला मिळतो. तू फक्त ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा. इतकं सोपं! कुणाला कळणार?"

बकला राग आला. तो कानापर्यंत लाल झाला. "कुणाला नाही कळणार? या भिंतीवर बहिरं कोण आहे? तिसऱ्या वळणात मी जिथे पाय उचलीन, तिथे इंजिनाचा आवाज पडेल. हॉइटला ऐकू येईल, तुला ऐकू येईल. माझ्या आईला घरी ऐकू येईल!"

त्याच क्षणी पलीकडच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींत अडकून गवतात गेल्या आणि पिवळा झेंडा लागला. व्हर्लन आत वळला. हॉइट काका नेल्डाकडे बघत राहिला. "बोल, पोरी. माझी जीभ रेटत नाही."

नेल्डाने गाडीकडे पाहिलं. व्हर्लनने मान वळवून बकला पाहिलं, आणि नुसती हनुवटी हलवली. बसव त्याला.

"बस," नेल्डा बकला म्हणाली. "आणि देवाशप्पथ सांगते, मी कान देऊन ऐकणार आहे."

व्हर्लनला बाहेर ओढताना मात्र तो ओरडला. बक आत शिरला खरा, पण सडपातळ व्हर्लनच्या मापाच्या खुर्चीत तो म्हणजे लहान पोराच्या सदऱ्यात म्हातारा. पट्टे पोचेनात. "पोट आत घे, रेड्या!" हॉइट काका किंचाळत होता. "घेतलंय! हे घेतलेलंच आहे!" बक तितकाच किंचाळत होता. गाडी सुटली तेव्हा ती रांगेत सगळ्यांत शेवटी होती.

मग नेल्डाने फळी सोडली आणि नुसतं ऐकलं.

आवाज पडला नाही. बाई गं, काय चालवली त्याने ती गाडी! ती व्हर्लनची होती, तिचं वळण वेगळं, तिची खोड वेगळी. पण बकने ती बाहेरच्या बाजूने, जिथे शहाणी माणसं जात नाहीत, भिंतीला घासून नेली. एकेक गाडी मागे पडत गेली. व्हर्लन टायरच्या ढिगाला टेकून बसला होता, रुग्णवाहिकेत जायला नकार देत. "बघ," तो दर वेळी म्हणायचा, जणू स्वतःच आत होता. "बघ कसा जातोय सैतान."

शर्यत शेवटाला आली तेव्हा गाडी सहावी होती. पाचव्याच्या शेपटीला बक चिकटला. एक फेरी, दुसरी फेरी, वाट मिळेना. मग तिसऱ्या वळणात नेल्डाने ऐकलं.

आवाज पडला.

स्पष्ट, धडधडीत पडला. हॉइट काकाने टोपी जमिनीवर आपटली.  "उचलला!" नेल्डा ओरडली. "मेल्याने पाय उचलला!"

"गप्प बस," व्हर्लन म्हणाला. इतक्या वर्षांत तो तिला असं कधी बोलला नव्हता. "समोरचा आत सरकला. जागा नव्हती. नसता उचलला, तर तो भिंतीत गेला असता."

 मागच्या शनिवारी हाच पाय उचलला गेला नव्हता, हे नेल्डाला कुणी सांगायला नको होतं.

एकच फेरी उरली. बकने गाडी पुन्हा बाहेर काढली, चार वळणं तो पाचव्याच्या दाराला दार लावून धावला, आणि रेषेवर त्याच्या गाडीचं नाक पुढे होतं. वीतभर, पण पुढे.

मग काय विचारता! कर्ण्यावरून व्हर्लन स्टेमीच्या नावाचा पुकारा झाला. कारखान्याचा मालक हात पसरून धावत आला. बकचं नाव कर्ण्याने घेतलंच नाही, घ्यायचं नसतंच. बक खिडकीतून कसाबसा बाहेर निघाला. व्हर्लनने आपला चांगला हात त्याच्या मानेत टाकला, दोघं कपाळाला कपाळ लावून काहीतरी बोलले आणि दोघंही रडले, भर माणसांत.

नेल्डा तिथे थांबली नाही. ती तडक हनीकटांच्या ट्रककडे गेली. अर्लीन एकटीच अवजारं आवरत होती.

"अर्लीन, तुझ्या नवऱ्याने आज—"

"माझ्या नवऱ्याचं कौतुक मला सांगू नकोस," अर्लीन वळलीसुद्धा नाही. "तो येतच नव्हता. गाडी मेली तसा इथे टायरवर बसला. म्हणे, मी गेलो तर आपलं पुढचं वर्ष गेलं. मी म्हटलं, ऊठ. तू त्या माणसाची हाडं मोडलीस, आता तो तिथे एकटा मरतोय. असा आलेला करंडक घरात आणलास, तर मी त्याच्यावरची धूळही पुसणार नाही."

नेल्डाने विचारलं, "मग आता तुम्ही काय करणार?"

"मोजे विणायची गिरणी आहे की. माझी बहीण आहे तिथे." आता अर्लीन वळली. तिचं तोंड रडून सुजलं होतं. "बघू नकोस अशी. मला पस्तावा नाही झालेला. पण तो करंडक, नेल्डा... फार हवा होता गं मला."

 अवजारांची पेटी जड होती, नेल्डाने एका बाजूने कडी धरली, अर्लीनने दुसऱ्या बाजूने, आणि दोघींनी मिळून ती ट्रकवर चढवली.